अवजार ट्रॅक्टरला झेपेल का? मागे बसून मोजायला शिका

अवजार बघायला जाताना खिशात मेजरिंग टेप ठेवा, व्हर्नियर (जाडी आणि भोक बारकाईने मोजायचं साधन) असेल तर तोही. दाखवणारा आधी एचपी विचारेल. सांगा, पण त्यावर निर्णय घेऊ नका. बॉनेटवर लिहिलेला एचपी इंजिनाचा असतो आणि अवजार इंजिनाला जोडत नाहीत. ते जोडतात मागच्या तीन पिनांना, उचलतं हायड्रॉलिक, ओढतात मागची चाकं, फिरवतो पीटीओ (इंजिनाचा जोर अवजाराला देणारं मागचं फिरतं टोक) आणि हे सगळं चालू असताना ट्रॅक्टर वळवायचं काम पुढची चाकं करतात. यातली एक जागा कमी पडली तरी बाकीच्यांचा जोर फुकट जातो. म्हणून ट्रॅक्टरच्या मागे उकिडवं बसा आणि एकेक जागा तपासा.

आधी पिन

मागे खाली दोन दांडे दिसतात, ते लोअर लिंक. वर मध्ये आटे असलेला, लांबी कमीजास्त करता येणारा दांडा, तो टॉप लिंक. तिघांच्या टोकाला फिरते बॉल असतात आणि बॉलच्या भोकात अवजाराची पिन जाते. या पिनांची जाडी आणि खालच्या दोन पिनांमधलं अंतर जगभर ठरलेलं आहे. त्याला कॅटेगरी म्हणतात.

कॅटेगरी १ मध्ये वरची पिन १९ मिमी, खालच्या २२ मिमी आणि खालचं अंतर ६८३ मिमी. कॅटेगरी २ मध्ये वरची साधारण २५, खालच्या २८ आणि अंतर ८२५ मिमी. कॅटेगरी ३ मध्ये वरची ३२, खालच्या ३७ आणि अंतर ९६५ मिमी. याच्याही वर कॅटेगरी ४ आहे, तिच्या खालच्या पिना ५१ मिमीच्या. त्या ट्रॅक्टरवाल्याला हा लेख वाचायची गरज पडणार नाही. सगळ्यांत खाली कॅटेगरी ०, ती गवत कापायच्या छोट्या ट्रॅक्टरांची.

एचपीशी सांगड घालायची तर ढोबळमानाने २० ते ४५ एचपीला कॅटेगरी १, ४० ते १०० ला कॅटेगरी २ आणि ८० ते २२५ ला कॅटेगरी ३. हे आकडे एकमेकांवर चढतात हे लक्षात घ्या. ४० ते ४५ एचपीचा ट्रॅक्टर दोन्हींपैकी कुठल्याही कॅटेगरीत असू शकतो, म्हणून एचपीवरून अंदाज बांधू नका. बॉलच्या भोकात व्हर्नियर घाला, काय ते कळेल. व्हर्नियर नसेल तर २२ मिमीचा पाना आणि २८ मिमीचा पाना पिनेवर घालून बघा.

पिन आणि बॉल जुळले नाहीत तर काय, हे नवख्याला हमखास अडतं. पिन बारीक आणि भोक मोठं, म्हणजे कॅटेगरी १ चं अवजार कॅटेगरी २ च्या ट्रॅक्टरला, तर उपाय सोपा आहे. बाहेरून २८, आतून २२ मिमीचा बुश मिळतो, तो बसवा. वरच्या पिनेसाठीही तसाच छोटा बुश येतो. बुश न घालता तसंच चालवणारे खूप आहेत. पहिल्या दिवशी काही होत नाही. पण प्रत्येक धक्क्याला पिन भोकात आदळते, भोक अंड्यासारखं लांबट होतं आणि मग कुठलंच अवजार सरळ बसत नाही.

उलट गोष्ट, म्हणजे जाड पिन आणि बारीक भोक, ही मात्र धोक्याची खूण आहे. इथे काही जण पिन ग्राइंडरवर घासून बारीक करतात. करू नका. अवजार बनवणाऱ्याने २८ मिमीची पिन घातली ती त्या अवजाराचा भार आणि ओढ धरून. ते तुमच्या भोकात जात नाही याचा अर्थ बहुतेक वेळा ते तुमच्या ट्रॅक्टरचं अवजारच नाही.

बऱ्याच अवजारांना पायरीची पिन असते, अर्धी लांबी २८ ची आणि पुढची अर्धी २२ ची. ती दोन्हींना चालते, पण खालचं अंतर बदलतं याकडे लक्ष द्या. बारीक भागावर जोडलं की दांडे बाहेर फाकतात, जाड भागावर जोडलं की आत येतात. दांडे नको तितके फाकले तर वर उचलताना ते टायरला घासतील. जोडून झाल्यावर दोन्ही बाजूंना टायर आणि दांडा यांच्या फटीत मूठ जाते का बघा. आणि कॅटेगरीच्या आकड्यापुढे एन लिहिलेलं दिसलं तर पिना त्या कॅटेगरीच्या, पण अंतर खालच्या कॅटेगरीचं. बागेतल्या अरुंद ट्रॅक्टरांसाठी ही सोय आहे.

तीन दांडेच का

एवढं एक समजलं की पुढचं निम्मं आपोआप समजतं. पूर्वी नांगर ट्रॅक्टरच्या मागे साखळीने किंवा हुकाने ओढत. नांगर जमिनीतल्या दगडाला किंवा मुळाला अडकला की मागची चाकं जागेवर राहत आणि इंजिनाचा जोर ट्रॅक्टरचं तोंडच वर उचले. ट्रॅक्टर मागे उलटून चालवणारा खाली सापडे. हॅरी फर्ग्युसनने १९२०च्या दशकात तीन दांड्यांची आणि हायड्रॉलिकची जोडणी घडवली. १९३९ मध्ये फोर्ड ९एन या ट्रॅक्टरवर ती मोठ्या संख्येने शेतात उतरली आणि पुढे सगळ्यांनी तीच उचलली.

तिची गंमत अशी. नांगर जमिनीत ओढला जातो तेव्हा खालचे दोन दांडे मागे ताणले जातात आणि नांगराचा वरचा भाग पुढे झुकू पाहतो, म्हणजे टॉप लिंक पुढे दाबली जाते. तो दाब ट्रॅक्टरचं तोंड खाली धरतो. शिवाय नांगराचं वजन आणि मातीची खालची ओढ मागच्या चाकांवर येते. म्हणजे जितकी ओढ जास्त तितकी चाकं जास्त दाबली जातात. लहान, हलका ट्रॅक्टर त्याच्या वजनाच्या मानाने एवढा नांगर ओढू लागला तो यामुळे.

यातूनच एक नियम निघतो आणि त्याला अपवाद नाही. काहीही ओढायचं असेल, ट्रॉली, ओंडका, रुतलेली गाडी, तर साखळी फक्त खालच्या ड्रॉबारला, म्हणजे मागे खाली असलेल्या ओढायच्या पट्टीला. टॉप लिंकच्या जागी नाही, मागच्या धुऱ्याला, म्हणजे चाकांच्या आसाला, गुंडाळून नाही. धुऱ्याच्या उंचीला किंवा त्याच्या वर ओढ आली की ट्रॅक्टर उलटायला सेकंदभर पुरतो.

उचलेल का

माहितीपत्रकात लिफ्ट क्षमता लिहिलेली असते. समजा १२०० किलो. नवखा माणूस ४०० किलोचं अवजार बघतो आणि खूश होतो. पण हे १२०० कुठे मोजले ते विचारा. मोजायच्या दोन जागा आहेत. एक थेट दांड्याच्या बॉलवर, दुसरी बॉलपासून ६१० मिमी मागे. बॉलवरचा आकडा नेहमी मोठा दिसतो, म्हणून जाहिरातीत तोच आवडीने छापतात. तुमचं अवजार बॉलवर लटकत नाही, त्याचं वजन मागे पसरलेलं असतं. रोटाव्हेटर आखूड असतो, त्याचं वजन जवळ. दोन-तीन फाळांचा पलटी नांगर किंवा लांब पेरणीयंत्र यांचं वजन बरंच मागे. त्यांच्यासाठी ६१० मिमीवालाच आकडा धरा, आणि वजन त्याच्याही मागे पडत असेल तर त्यातूनही वजावट करा.

वजन धरताना अवजार रिकामं धरू नका. पेरणीयंत्रात बी आणि खत असतं. नांगराला आणि रोटाव्हेटरच्या पत्र्याला ओली माती चिकटते, ती मी एकदा खरवडून घमेल्यांनी मोजली तर चार घमेली भरली. मी स्वतः भरलेल्या अवजाराचं वजन लिफ्ट क्षमतेच्या तीन-चतुर्थांशाच्या वर जाऊ देत नाही. उचलताना हायड्रॉलिक कण्हत असेल किंवा उचललेलं अवजार इंजिन बंद केल्यावर झपाट्याने खाली येत असेल, तर एक तर भार जास्त आहे किंवा आत सील गेलं आहे.

पुढची चाकं जमिनीवर राहतील का

लिफ्ट उचलते म्हणून ट्रॅक्टरला झेपतं असं होत नाही. मागचा धुरा म्हणजे तराजूचा काटा समजा. मागे लटकवलेलं प्रत्येक किलो पुढचं वजन कमी करतं. लिफ्ट दमदार आणि ट्रॅक्टर हलका असला की उचलताना अवजाराऐवजी पुढची चाकंच वर येतात. पाहणाऱ्यांना हसू येतं, चालवणाऱ्याला नाही.

हिशेब कठीण नाही. अवजाराच्या वजनाला त्याच्या मधल्या भाराचं मागच्या धुऱ्यापासूनचं अंतर गुणा, आणि ट्रॅक्टरच्या पुढच्या-मागच्या धुऱ्यातल्या अंतराने भागा. आलं तेवढं वजन पुढच्या चाकांवरून गेलं. उदाहरण घेऊ. ट्रॅक्टर २००० किलोचा, त्यातले ८०० पुढे, १२०० मागे. दोन धुऱ्यांत १.९ मीटर. अवजार ४०० किलोचं, त्याचा मधला भार धुऱ्यापासून १.५ मीटर मागे. ४०० गुणिले १.५ भागिले १.९, म्हणजे ३१६ किलो पुढून गेले. उरले ४८४.

हे पुरेसे का? चालणारा नियम असा, की ट्रॅक्टरच्या रिकाम्या वजनाच्या निदान २० टक्के वजन पुढच्या चाकांवर राहिलंच पाहिजे, नाहीतर स्टिअरिंग फिरवूनही ट्रॅक्टर सरळच जाईल. २००० चे २० टक्के ४००. आपल्याकडे ४८४ आहेत, चाललं. तेच अवजार ६०० किलोचं असतं तर पुढून ४७४ जाऊन ३२६ उरले असते. हे नाही चालत. आता पुढच्या बंपरवर १५० किलोची वजनं लावली आणि ती मागच्या धुऱ्यापासून २.५ मीटरवर असली, तर पुढे १९७ किलो परत येतात, बेरीज ५२३. पुन्हा जमलं. वजन जितकं पुढे तितकं कमी लागतं, म्हणून ते नाकावर लावतात.

हिशेबाचा कंटाळा असेल तर अवजार जोडून, उचलून, वजनकाट्यावर फक्त पुढची चाकं चढवा. काटा जे दाखवेल ते खरं. तोवर मागची चाकंही तोलून घ्या आणि टायरवर छापलेल्या भारमर्यादेशी ताडून बघा. मागे टांगलेलं अवजार मागच्या धुऱ्यावर स्वतःच्या वजनापेक्षा जास्त भार टाकतं, कारण पुढून गेलेले किलोही तिथेच जाऊन बसतात.

ओढेल का

नांगर, कल्टिव्हेटर, सबसॉयलर ही ओढायची अवजारं. यांच्या बाबतीत एचपीचं भूत सगळ्यांत जास्त नाचतं आणि सगळ्यांत जास्त फसवतं.

नांगराची ओढ काढायची रीत: रुंदी सेंटिमीटरमध्ये, गुणिले खोली सेंटिमीटरमध्ये, गुणिले जमिनीचा विरोध. हा विरोध हलक्या वाळूसर जमिनीत दर चौरस सेंटिमीटरला ०.२ ते ०.३ किलो, मध्यम जमिनीत ०.४ ते ०.५ आणि भारी चिकण जमिनीत ०.७ ते ०.८ किंवा त्याहून जास्त. वाफसा असताना तीच जमीन मऊ, वाळून टणक झाली की हे आकडे विसरा.

दोन फाळांचा नांगर, प्रत्येक फाळ ३० सेंमी, खोली २० सेंमी. ६० गुणिले २० म्हणजे १२०० चौरस सेंटिमीटर. मध्यम जमिनीत ०.५ ने गुणलं की ओढ ६०० किलो. ताशी ५ किलोमीटर वेगाने यासाठी किती एचपी? ओढ गुणिले वेग, भागिले २७०. आले ११. चाळीस एचपीच्या ट्रॅक्टरला अकरा एचपी म्हणजे खेळ वाटतो. नांगरलेल्या जमिनीत इंजिनाच्या निम्मे ते दोन-तृतीयांश एचपीच ड्रॉबारपर्यंत पोचतात, तरी वीस उरले. भारी जमिनीत ०.८ धरलं तर ओढ ९६० किलो, एचपी जेमतेम १८. अजूनही हातात आहे.

मग शेतात चाकं जागेवर का फिरतात? कारण चाक जमिनीला वजनाने धरतं. शेतातल्या मातीत मागची चाकं त्यांच्यावरच्या वजनाच्या साधारण ४० टक्के ओढ देतात, त्यापुढे घसरतात. ६०० किलो ओढायला मागच्या चाकांवर १५०० किलो हवेत. आपल्या ट्रॅक्टरचे १२००, त्यात नांगराचं वजन आणि मातीच्या खालच्या ओढीने मागे आलेला भार, जमतं. ९६० किलोला २४०० हवेत. एकूण २००० किलोच्या ट्रॅक्टरला तिथवर पोचणं कठीण. इंजिन मोकळं हसतंय आणि चाकं माती उडवतायत, असं दृश्य दिसतं ते यामुळे.

अशा वेळी टायरमध्ये पाणी भरतात, व्हॉल्व्ह वर घेऊन ट्यूबच्या तीन-चतुर्थांशापर्यंत, किंवा चाकाला लोखंडी वजनं लावतात. मर्यादेत दोन्ही ठीक. पण माझं मत विचाराल तर वजनं चढवण्याआधी एक फाळ काढून टाका. जादा वजन जमीन दाबतं, गिअरबॉक्स आणि धुरा झिजवतं, आणि ते वजन वाहून न्यायलाही डिझेल लागतं.

घसरण मोजायची सोपी युक्ती आहे, नक्की करून बघा. मागच्या टायरवर खडूने ठळक रेघ मारा. नांगर खाली घालून, नेहमीच्या गिअरमध्ये चाकाचे बरोबर १० फेरे होऊ द्या. सुरुवातीला आणि शेवटी जमिनीत काडी रोवा. मग नांगर उचलून, नांगरायच्या बाकी राहिलेल्या जमिनीवरून तेवढंच अंतर चाला आणि फेरे मोजा. समजा ८.७ आले. दहामधून १.३ वाया गेला, म्हणजे १३ टक्के घसरण. दोन चाकी ओढीच्या ट्रॅक्टरला १० ते १५ टक्के घसरण ठीक, चार चाकी ओढीला ८ ते १२. वीसच्या वर गेली तर अवजार मोठं आहे किंवा खोली जास्त. आणि पाचच्या खाली असेल तर? तर तुम्ही विनाकारण वजन वाहताय, थोडं उतरवा. हे उलट टोक कुणी सांगत नाही.

फिरवेल का

रोटाव्हेटर, स्लॅशर, श्रेडर ही पीटीओवर चालतात. रोटाव्हेटरची पाती चाकाच्याच दिशेने फिरतात, त्यामुळे तो ट्रॅक्टरला मागून ढकलतो. इथे चाकांचं वजन कामाचं नाही, पीटीओचा एचपी कामाचा. तो इंजिनाच्या साधारण ८५ ते ९० टक्के असतो. म्हणजे बॉनेटवर ४५ लिहिलं असलं तर पीटीओवर ३८ ते ४०. अवजाराच्या माहितीपत्रकात लागणारा एचपी लिहिलेला असतो, तो इंजिनाचा की पीटीओचा हे विचारून घ्या.

मध्यम जमिनीत साध्या रोटाव्हेटरला रुंदीच्या दर फुटामागे इंजिनाचे साधारण ८ एचपी धरतात. पाच फुटीला ४० च्या आसपास, सहा फुटीला ५०, सात फुटीला ५५ ते ६०. भारी जमीन, खोल काम किंवा मजबूत बांधणीचं जड मॉडेल असेल तर एक आकार खाली या.

पीटीओचं टोक मोजा. ३५ मिमी जाडीचं आणि सहा खाचांचं असेल तर ते मिनिटाला ५४० फेऱ्यांचं. ३५ मिमीचंच पण २१ बारीक खाचांचं असेल तर १००० फेऱ्यांचं. ४५ मिमी आणि २० खाचा म्हणजे मोठ्या ट्रॅक्टरचं, तेही १००० चं. खाचा वेगळ्या ठेवल्या त्या चुकून जोडलं जाऊ नये म्हणूनच, आणि तरी लोक अडॅप्टर लावून ती सोय मोडून काढतात. ५४० चं अवजार १००० वर चालवलं की पात्यावरचा बाहेर फेकणारा जोर जवळजवळ साडेतीन पट होतो. पातं सुटलं तर त्याच्या वाटेत कोण उभं आहे ते ते विचारत नाही.

५४० फेऱ्या इंजिनाच्या ठराविक आरपीएमलाच मिळतात, मीटरवर ती खूण केलेली असते. ५४०ई अशी सोय असेल तर त्याच फेऱ्या कमी आरपीएमवर मिळतात, पण तेव्हा इंजिनाकडे जोरही कमी असतो. फवारणीला, हलक्या कामाला वापरा, रोटाव्हेटरला नको.

आता शाफ्ट, म्हणजे पीटीओ आणि अवजार यांना जोडणारा फिरता दांडा. याने मला एकदा चांगला धडा दिला. दुसऱ्या ट्रॅक्टरवरचा रोटाव्हेटर शाफ्टसकट आणला, जोडला, छान बसला. शेताच्या टोकाला जाऊन उचलला आणि मागून ठणका आला. शाफ्टच्या आतल्या-बाहेरच्या दोन नळ्या एकमेकींत पूर्ण घुसून टेकल्या होत्या आणि पुढचा जोर थेट पीटीओच्या बेअरिंगवर गेला. संध्याकाळी पीटीओच्या सीलमधून तेल गळत होतं.

म्हणून शाफ्ट प्रत्येक ट्रॅक्टरसाठी नव्याने मोजायचा. इंजिन बंद. शाफ्टचे दोन भाग वेगळे करा, एक पीटीओला आणि एक अवजाराला लावा, आणि दोघांना बाजूबाजूला धरा. मग इंजिन सुरू करून, पीटीओ बंदच ठेवून, लिफ्ट हळूहळू खालून वर घेत, जिथे दोघांमधलं अंतर सगळ्यांत कमी होतं ती जागा शोधा. ती बहुधा शाफ्ट आडव्या रेषेत येतो तिथे असते, अगदी वर नाही. तिथे लिफ्ट अडकवून इंजिन बंद करा. अवजाराला खाली ओंडका द्या, मगच हात घाला. तिथे नळीच्या टोकाला निदान २५ मिमी मोकळी जागा राहिली पाहिजे. राहत नसेल तर आतली, बाहेरची नळी आणि दोन्ही गार्ड सारखेच कापा, कडा कानशीने घासा, ग्रीस लावा. मग अंतर सगळ्यांत जास्त होतं तिथे बघा. नळ्या एकमेकींत निदान एक-तृतीयांश लांबीने राहायला हव्यात. कमी राहिल्या तर शाफ्ट आखूड आहे, दुसरा घ्या.

दोन्ही टोकांचे जॉइंट एकाच रेषेत असू द्या, नाहीतर फिरताना धडधड होते. उचलताना जॉइंटचा कोन फार मोडत असेल तर पीटीओ आधी बंद करा. शिअर बोल्ट (जास्त ताण आला की मुद्दाम आधी तुटणारा बोल्ट) तुटला तर त्याच ग्रेडचा घाला. जास्त मजबूत बोल्ट घालून लोक गिअरबॉक्स तोडतात. आणि गार्ड काढून ठेवू नका. ५४० म्हणजे सेकंदाला नऊ फेरे, सदऱ्याचं टोक अडकलं की हात मागे घ्यायला वेळ मिळत नाही.

रुंदी

अवजार मागच्या टायरांच्या बाहेरच्या कडांपेक्षा थोडं रुंद हवं, म्हणजे चाकाने दाबलेली माती ते मोकळी करतं. अरुंद असेल तर एका बाजूला सरकवून बसवता येतं का बघा. नांगराची गोष्ट वेगळी. तिथे चाक मागच्या तासात चालतं, म्हणून चाकांचं अंतर आणि पहिल्या फाळाची जागा जुळावी लागते, नाहीतर ट्रॅक्टर सारखा एका बाजूला ओढतो आणि तुम्ही दिवसभर स्टिअरिंगशी कुस्ती खेळता.

जोडणी

सपाट जागी, अवजार पायांवर उभं. ट्रॅक्टर सरळ मागे घ्या. ट्रॅक्टर आणि अवजार यांच्यामध्ये कुणालाही उभं करू नका, मदतनीस बाजूला राहील. हँडब्रेक, इंजिन बंद, मग खाली उतरा. आधी डावा दांडा, कारण त्याच्या लिफ्ट रॉडची (त्याला वर उचलणाऱ्या उभ्या सळईची) लांबी बहुधा कायम असते. मग उजवा, त्याची उंची हँडलने कमीजास्त करून पिनेसमोर आणता येते. शेवटी टॉप लिंक. प्रत्येक पिनेला ती निसटू नये म्हणून लिंच पिन. खिळा किंवा तार नाही. पीटीओ शाफ्ट सगळ्यांत शेवटी, खटका बसल्याचा आवाज ऐका आणि ओढून बघा.

मग अवजार समतल करा. डावी-उजवी बाजू उजव्या लिफ्ट रॉडने, पुढे-मागे टॉप लिंकने. टॉप लिंक आखूड केली की नांगराचं टोक जास्त घुसतं, लांब केली की मागचा भाग खाली बसतो. चेक चेन, म्हणजे खालच्या दांड्यांना बाजूला झुलू न देणाऱ्या साखळ्या, रोटाव्हेटर आणि पेरणीयंत्राला ताठ ठेवा. नांगराला काम करताना थोडी सैल, पण उचलल्यावर अवजार टायरवर झुलणार नाही इतकी. हायड्रॉलिक रोटाव्हेटरला पोझिशन कंट्रोलवर, नांगराला ड्राफ्ट कंट्रोलवर. पोझिशन कंट्रोल अवजार ठरवलेल्या उंचीवरच धरतं. ड्राफ्ट कंट्रोल ओढ वाढली की अवजार जरासं वर घेतं, कमी झाली की खाली सोडतं. ते नांगराला फायद्याचं. पेरणीला नाही, कारण तिथे खोली सारखी हवी. पलटी नांगर हायड्रॉलिकने उलटणारा असेल तर ट्रॅक्टरला मागे दुहेरी व्हॉल्व्ह आणि जुळणारे कपलर आहेत का हे विकत घेण्याआधी बघा, नंतर नाही.

ट्रॉलीबद्दल थोडक्यात: ओढायला कुठलाही ट्रॅक्टर ओढेल, थांबवताना प्रश्न येतो. भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरपेक्षा जड आणि तिला स्वतःचे ब्रेक नसतील, तर उतारावर ती तुम्हाला ढकलत नेईल. उतार लागण्याआधीच खालच्या गिअरमध्ये या.

पहिल्या दिवशी अर्धा तास काम झालं की थांबा. पिना आणि बुश हाताने हलवून बघा, शाफ्टचे जॉइंट किती तापलेत ते बघा, नटबोल्ट पुन्हा आवळा. अवजार सोडताना उलट्या क्रमाने: शाफ्ट, टॉप लिंक, उजवा, डावा. सोडण्याआधी ते पायांवर समतल बसलंय याची खात्री करा, आणि टॉप लिंकच्या आट्यावर त्या अवजाराची लांबी रंगाच्या पट्टीने खूण करून ठेवा. रोटाव्हेटरला एक रंग, नांगराला दुसरा. पुढच्या वेळी जोडताना अंदाज करायचा नाही, टॉप लिंक त्या रंगापर्यंत फिरवायची.